सुम्न

आधारकार्ड दाखवलं,
कंडक्टरनं शून्य रुपयांचं तिकीट फाडलं.
पिशवीत एक साडी, टॉवेल,
दोन भाकऱ्या, वांग्याचं सुकं.
शनिवारी लाईट नसते, गिरण बंद.
घरात सांगितलं, येतो जरा बेळगावला जाऊन.
(आमच्या जांबोटीकडं बायकाही येतोच म्हणतात.)
भैरू म्हणाला, कोण आजारी हाय काय?

त्याचंही खरं.
बेळगावला मी नेहमी कशाला तरी आलो.
सासूच्या डोळ्याला, थोरलीच्या बस्त्याला,
गिरणीच्या पट्ट्याला,
एकदा कोर्टात, बांधावरच्या दगडाची साक्ष द्यायला.
दवाखान्याचा जिना पाठ आहे,
किल्ल्याचं तळं बसच्या खिडकीतून
अर्धंच बघितलेलं.

खडेबाजारातल्या लॉजवर
ईराप्पानं वही माझ्याकडं फिरवली.
नाव : मथुरा भैरू सडेकर.
वय : बावन्न.
सोबत कोण : रेघ.
येण्याचं कारण :
तिथं पेन थांबलं.
वर पंख्याचं एक पातं खरडत होतं.
बाकीचे काय लिहितात, विचारलं.
त्यानं वही ओढून घेतली
आणि कन्नडात काहीतरी घातलं,
जिलेबीचा एक तुकडा.
काय लिहिलंस रे?
"सुम्न," म्हणाला. "सुम्न बंदार अंत."

सुम्न म्हणजे उगीच.
एवढं कन्नड येतं मला,
गिरणीवर निम्मं गिऱ्हाईक त्यांचंच.
पण कागदावर उगीच असं कुणी लिहितं,
आणि ते चालतं,
हे बावन्न वर्षांत पहिल्यांदा कळलं.

गणपत गल्लीत पाव किलो कुंदा घेतला.
बांधू काय, विचारलं पोरानं.
नको, म्हटलं.
चालत चालत बोटानं खाल्ला,
तळाशी चिकटलेला, डब्याच्या कोपऱ्यातला,
जो घरी कधी माझ्यापर्यंत पोचत नाही.

किल्ल्यात कमल बस्तीच्या छताला
दगडाचं कमळ उलटं टांगलंय.
मान दुखेस्तोवर बघितलं.
लोक फोटो काढून गेले.
मी टाकीचे घाव बघत होतो.
गिरणीच्या दगडाला वर्षातून दोनदा टाकी मारून घेते मी,
चांगला हात कुठला ते कळतं.
हा हात घाईत नव्हता.

शहापुरात एका दारातून मागाचा आवाज आला.
ओळखीचं कुणी हाक मारावी तसा थांबलो.
माग चालवणारी बाई वर न बघता म्हणाली,
"यार मनी?"
कुणाचं घर?
कुणाचंच नाही, सुम्न, म्हटलं.
तिनं पायानं स्टूल पुढं सरकवलं.
ती विणत राहिली, मी ऐकत राहिलो.
साडीचा काठ बोटभर वाढला तेव्हा उठलो.
नाव विचारायचं दोघींचंही राहिलं.

रात्री लॉजवर झोप येईना.
तीस वर्षं कानात गिरण फिरते,
ती इथवर आली होती.
मग रस्त्यावरची शेवटची रिक्षा गेली
आणि कधीतरी तीही थांबली.
सुम्न म्हणजे गप्पसुद्धा.
आपल्यातही तसंच की,
रडणाऱ्या पोराला थोपटत
आई म्हणायची, उगी.
उगी, उगी.
मला कुणी म्हटल्याला किती वर्षं झाली
मोजत होतो, मोजता मोजता झोपलो.

रविवारी टिळकवाडीत, दुसऱ्या रेल्वे गेटाशी
फाटक पडलं.
पलीकडं जायचं नव्हतं, तरी थांबलो.
मालगाडीचे अठ्ठावन्न डबे.
मागचे मोटारसायकलवाले हॉर्न मारून दमले.
फाटक उघडलं, सगळे पळाले.
मी वळून आलो त्याच वाटेनं.

संध्याकाळी घरात पाय टाकला.
ओट्यावर गव्हाचे डबे रांगेत, झाकणांवर नावं.
भैरूनं पिशवी चाचपली.
"बेळगावला गेलतीस आनि पट्टा न्हाई आनलास?"
हसू आवरेना मला.
पट्ट्याला तू जा, म्हटलं.