कुणाची

होकायंत्र उंबऱ्यावर ठेवलं
तर काटा थांबेचना.
सल्लागार हुबळीहून आलेला, बुदिहाळ आडनावाचा,
फी मुलीनं पुण्याहून आधीच भरलेली.
मी म्हटलं, मागच्या खोलीत दोन माग आहेत,
बंद पडून अकरा वर्षं झाली,
पण लोखंड ते लोखंडच की हो, ओढत असेल.
त्यानं घाम पुसला.
मग फोनमध्ये उत्तर शोधली, ती निघाली
गटाराच्या बाजूला.

शहापुरातलं आमचं घर म्हणजे
उलगडून टाकलेलं लुगडं:
बारा फूट रुंद, सत्तर फूट लांब,
दोन्ही काठ शेजाऱ्यांचे.
पुढच्या दारात उभं राहिलं की
थेट मागचं दार दिसतं,
त्यापलीकडे बोळ,
बोळात कुणाची तरी सायकल.

तो म्हणाला, हाच दोष.
जे पुढून येतं ते थांबत नाही,
सरळ मागून निघून जातं. पैसासुद्धा.
चीनमध्ये तिला 'ची' म्हणतात.

कुणाची? मी विचारलं.
नुसती ची.
अहो, आमच्यात ची एकटी कधी येत नाही,
कुणाची ते आधी सांगावं लागतं,
आणि या गावात तर
सांगून झालं तरी पुन्हा विचारतात.

तो कानडीत हसला.

तो गेल्यावर आठवत बसले, कोण कोण गेलं असेल
या दारातून त्या दारात.
नीलव्वा मुरगोड, दळणाचा डबा कमरेवर,
चौकातला वळसा वाचतो म्हणून
रोज दोनदा, तीस वर्षं.
लग्न होऊन मी आले तेव्हाही तिनं वाटेत थांबून
माझं तोंड वर करून बघितलं होतं,
आणि मग पीठ घेऊन पुढे गेली होती.
दूधवाल्याचा मुलगा. सुताच्या पेट्या.
एकदा रस्त्यावर लाठ्या चालू झाल्या
तेव्हा दोन पोरं आत घुसली धापा टाकत,
एक आई म्हणाला, एक अव्वा.
सासऱ्यांनी माग थांबवला नाही,
धोटा मारता मारता मानेनंच मागचं दार दाखवलं.
पोरं गेली. फरशीवर एकच चप्पल राहिली,
ती कितीतरी दिवस कोनाड्यात होती,
कुणी न्यायला आलं नाही.

तरी पैसे भरलेले.
गणपत गल्लीतून बांबूचा पडदा आणला,
मधल्या चौकटीला लावला,
आणि तीन पायांचा बेडूक, तोंडात नाणं,
आतल्या बाजूला बघत बसवला.

घर खरंच थांबलं.
फोडणीचा वास रात्रीपर्यंत रेंगाळायचा.
कॅलेंडरची पानं हलेनात.
नीलव्वाला पडदा दिसला असावा,
ती गुडघे धरत चौकातून जायला लागली.
मी बोलवायला हवं होतं.
कुठल्या भाषेत बोलवावं, हा प्रश्न
मला तोवर कधी पडलाच नव्हता.

विसाव्या की एकविसाव्या दिवशी
ती पुढच्या दारात येऊन उभी राहिली,
पायरीच्या खाली, पाहुण्यासारखी.
ऊटा आतेन्री?
तीस वर्षांत पहिल्यांदा मला 'री' लावली.

पडदा त्याच संध्याकाळी काढला.
आता तो मागांवर टाकलाय, धूळ बसू नये म्हणून.

मुलगी फोनवर विचारते, काही फरक?
मी सांगते, वारा बरा आहे,
भाडेकरूनं दोन महिन्यांचं अजून दिलेलं नाही.

बेडूक आहे.
नीलव्वाला तो सारखा टक लावून बघतो असं वाटतं,
म्हणून जाता जाता ती त्याचं तोंड दाराकडे फिरवते.
मी परत आत फिरवते.
असं चाललं होतं पावसाळाभर.
हल्ली तो भिंतीकडे बघत असतो,
कुणी तसा ठेवला माहीत नाही,
दोघीही हात लावत नाही.