शिफारसपत्र, तिसरा मसुदा

प्रति,
लिंपोपो नदीच्या अलीकडचे की पलीकडचे, ठाऊक नाही,
तुम्ही जे कोणी असाल ते,

प्रणिता मढवी, राहणार गोठिवली,
हिला मी चार वर्षं ओळखतो.
एवढं वाक्य बरोबर आहे.
त्यापुढची सगळी दोनदा खोडली.

तुमच्या फॉर्ममध्ये विचारलंय :
उमेदवाराला मोठ्या जनावरांचा अनुभव आहे काय?
आहे.
कळव्याच्या तबेल्यात, रात्री दोनला,
आडव्या अडकलेल्या रेडकाचा पाय शोधत
खांद्यापर्यंत म्हशीत होती ती,
आणि मालक माझ्या कानाशी येऊन,
डॉक्टर, पोरगी रडते की काय?
रडत नव्हती. मोजत होती.
एका कळेपासून दुसऱ्या कळेपर्यंतचे सेकंद.

पुढे विचारलंय : वन्य प्राणी?
इथे मी पेन खाली ठेवलं, चहा केला.

तुमच्याकडे गेंडे आहेत.
आमच्याकडे पाम बीच रस्त्याच्या पलीकडे
तिवरांत कोल्हे आहेत.
गेल्या मार्गशीर्षात एकाचं डोकं
लोणच्याच्या प्लास्टिक बरणीत अडकलं.
तीन दिवस तो
आंबट आभाळ डोक्यावर घेऊन हिंडत होता.
खाडीचं पाणी चढत होतं,
ही गोणपाट घेऊन चिखलात उभी,
चपला चिखलाने आधीच गिळलेल्या.
बरणी कापली.
कोल्ह्याने तिच्या मनगटाला दात लावले
आणि गेला. मागे वळून वगैरे पाहिलं नाही.

तुमच्या लसींच्या तक्त्यात रेबीजसमोर
तिने ज्या पाच तारखा लिहिल्यात
त्या कोल्ह्याच्या सहीच्या समजा.
माझ्या सहीपेक्षा ती पक्की.

परवा तिचे वडील आले होते.
साडेबारा टक्क्यांच्या प्लॉटवर तीन मजले,
तळाचा गाळा विकायला काढलेला.
म्हणाले, "डाक्टर, काम पन आपला
न पैशे पन आपलेच भराचे?
ह्यो कंचा धंदा?"
मी म्हणालो, याला शिक्षण म्हणतात.
ते हसले नाहीत.
उठताना दारात थांबून,
"गेंडा कवरा असतं वो?"
मी हात पसरले.
दोन्ही बाजूंनी दवाखान्याच्या भिंती लागल्या.

हे तुम्हाला कशाला सांगतोय.

माझ्या खणात एक पाकीट आहे,
नैरोबीचा शिक्का, साल शहाऐंशी,
आपली निवड झाल्याचे कळवण्यास आनंद होतो.
त्या वर्षी तबेल्यांत लाळ्या-खुरकूत आली
म्हणून गेलो नाही, असं मी सांगतो,
बायकोलाही तेच सांगितलं होतं.
साथ आली होती, खोटं नाही.
पण ती ऑगस्टमध्ये आली.
पत्र मेमध्ये आलं होतं.

उमेदवाराच्या उणिवा?
इंग्रजीत अडखळते.
भूल देताना जनावराशी आगरीत बोलते,
हलू नको गो, झाला, झाला.
तुमच्या गेंड्यांना चालेल का,
विचारून ठेवा.
डबा खायचा विसरते.
मेलेल्या जनावराचा कागद
दुसऱ्या दिवशी भरते, त्याच दिवशी नाही.
ही उणीव आहे का, मला ठरवता आलेलं नाही.

तुमच्या चौकटीत अडीचशे शब्दच मावतात,
तेव्हा वरचं सगळं वगळून
एवढंच लिहितो :
प्रणिता मढवी घाबरते.
मी पाहिलंय, ओठ पांढरे पडतात.
आणि तरी हात आत घालते.

आपला,
पशुधन विकास अधिकारी, निवृत्त
(शिक्का पुसट आलाय, दोनदा मारला)

ता. क.
कोल्ह्याचं पुढे काय झालं, विचारू नका.
काल रात्री तिवरांकडून कोल्हेकुई आली.
प्रणिता फोनवर म्हणाली, सर, तोच तो.
मी हो म्हणालो.
आवाजावरून कोण ओळखतं.