तळणीचा रंग

चार महिने चार अंशांत झोपवलेला बटाटा
मी रोज सकाळी आठला कापते.
काप असा पातळ, की उजेडात धरला
तर खिडकीबाहेरचा अरूस्टुकचा बर्फ दिसावा.
तीन मिनिटं तेलात. मग रंगाचा तक्ता:
एक म्हणजे गव्हाळ, पाच म्हणजे करपलेला.
बहुतेक पाचच.

गारठ्यात बटाटा स्वतःचं पीठ मोडून
साखर करतो,
अडीनडीला माणूस सोनं मोडतो तसा.
कढईला ते समजत नाही.
वेफर्सच्या कारखान्यालाही.

वरच्या मजल्यावर सोयॉन जनुकं वाचते.
बटाट्याचं सगळं चार-चारदा लिहिलेलं,
एकाच पोथीच्या चार नकला,
आणि नकलाकारांच्या चुका मात्र ज्याच्या त्याच्या.
थंडीतल्या गोडाचा हुकूम
कुठल्या पानावर, हे शोधायला तिला सहा वर्षं लागली.
चारही नकलांतून तिनं ती ओळ खोडली.

मार्च. लॉट चारशे अठरा.
रंग: एक.
झाडामागे बटाटेही दीडपट.
सोयॉन जिन्यावरून धावत आली,
आम्ही ते काप उभ्याउभ्याच संपवले, बोटं चाटत.

त्यातला एक बटाटा मी कोटाच्या खिशातून घरी नेला.
नियमात बसत नाही. माहीत आहे.
दुसरा बापाच्या तळघरातला.

माझा बाप, लेओन्स थिबोदो, वय ब्याऐंशी.
काढणीसाठी शाळा तीन आठवडे बंद असायची,
तेव्हा पिंप भरलं की
त्यावर आपल्या नंबराचं तिकीट खोचायचा. सदतीस.
एक अजून पाकिटात आहे,
कडा कापडासारख्या झालेलं.

मीठ न घालता उकडले.
त्यानं दोन्ही खाल्ले, सावकाश.
मग काट्यानं माझ्या बटाट्याकडे दाखवलं:
‘ह्याला हिवाळा झाल्याचं कुणी सांगितलंच नाही.’

मी म्हटलं, तुला तर साखर वर्ज्य आहे.
‘म्हणून तर ओळखतो.’

मग बराच वेळ काही नाही.
नदीवर कुठेतरी बर्फ तडकला.

‘एकरी किती?’
सांगितलं.
त्यानं पुन्हा विचारलं. पुन्हा सांगितलं.

‘मग लावा.
पण नदीकडच्या दोन ओळी माझ्या.’

आणि पाकिटातलं तिकीट काढून
ताटलीतल्या सालींवर ठेवलं.
साली दोन्हींच्या होत्या,
एकात एक मिसळलेल्या.