भोक

टायरच्या दुकानावरचा पहिला मजला, चंदननगर.
एकतीस मुलं, सहा बायका,
आणि किल्ल्यांचा जुडगा माझ्याकडे.
साडेसातला शटर वर जातं तेव्हा
पायरीवर कुणी आईच्या खांद्याला झोपलेलं,
तिच्या आयडी कार्डाची दोरी चघळत,
आणि कुणी बापाच्या सिमेंट लागलेल्या हातात
टक्क जागं.

टुकुना सोमवारी आला. पावणेतीन वर्षांचा, गंजामचा.
आईबाप समोरच्या टॉवरवर, अठराव्या मजल्याला.
फॉर्मवर 'घरची भाषा' या रकान्यात
बापानं लिहून घेतलं: मजूर.
मी ते खोडलं नाही.

दाराशी उभा राहून पोर एकच शब्द म्हणायचं:
भोक.

भोक?
शोधलं आम्ही.
शहेदानं त्याची चड्डी उलटी करून उजेडात धरली,
मेमचानं सतरंजी झटकली,
सिसिलिया सँडलचे तळवे बघत बसली,
द्वारकाबाईंनी उंदराचं समजून
सिंकखाली फडक्याचा बोळा कोंबला.
मी, जिच्या दोन पदविका भिंतीवर टांगल्यात,
मी वहीत लिहिलं: शब्दसंग्रह मर्यादित.

बाराला तो जेवायचा. दोनदा घ्यायचा खिचडी.
तरी कुणाच्या डोक्यात आलं नाही.
चार दिवस.

पाचव्या सकाळी संडासाकडून, बादली खाली न ठेवता,
लंकाबाई म्हणाल्या,
"अवो मॅडम, भूक लागलीय त्याला.
भोक म्हंजी भूक. त्याची आय पाचला निघती,
पोटात काय असणार?
मी तीन हंगाम काढल्यात वीटभट्टीवर, ह्यांच्या शेजारात."

बिस्किटाचा पुडा मी दातांनी फाडला.
टुकुनानं बिस्किट खाल्लं, मग चुरा,
मग माझ्या तळहाताकडे बघितलं.

"चार दिवस का नाही सांगितलंत?"
माझा आवाज चढला होता.
"मला कोन इचारतंय," त्या म्हणाल्या,
आणि फिनेलचं झाकण लावलं.

सहा बायका म्हणते मी नेहमी.
अर्जात, देणगीदारांना, आत्ता वरही.
सात आहेत.
शनिवारच्या मीटिंगला सहा खुर्च्या लागतात,
लंकाबाई जिन्यात थांबतात, नंतर पुसायला.
आणि खिडकीच्या कट्ट्यावर
कान तुटलेला एक कप असतो, पालथा, एकटा.
तीन वर्षं रोज मी त्याच खिडकीतून
टॉवर किती वर आला ते बघते.

त्या शनिवारी सातवी खुर्ची मांडली.
लंकाबाई बसल्या, कडेला, उठायच्या तयारीत.
कप मी ट्रेमध्ये ठेवला बाकीच्यांत
आणि माझा म्हणून उचलला.
द्वारकाबाईंनी चहा ओतला. थोडा बशीत, थोडा ट्रेवर.
शहेदा पंख्याकडे बघत राहिली.
अजेंडा होता: डायपर, पालकसभा, गळका नळ.

सोमवारी द्वारकाबाईंची रजा. पोट बिघडलं म्हणे.
पोळ्या मी लाटल्या.
मुलांनी त्यातून गाय काढली, जहाज काढलं.

आता दाराशी एक कागद आहे, ज्याचा त्यानं भरायचा.
मेमचानं लिहिलं: आमच्यात भाताला चाक म्हणतात.
खालच्या टायरवाल्याला सांगितलं तर तो दुपारभर हसला.
लंकाबाईंना लिहिता येत नाही,
त्यांनी सांगितलेल्या ओळी सगळ्यात जास्त आहेत.

द्वारकाबाई गुरुवारी परतल्या.
माझ्याशी कामापुरतं.
साडेसातला मात्र केळं सोलून दाराशी उभ्या,
टुकुनाला दरडावून विचारतात, "भोक?"
तो हात पसरतो.

नवे कप आणलेत, सगळे सारखे.
कुठला कुणाचा, मला ओळखू येत नाही.
त्यांना येत असेल.

काल नळवाला आला तेव्हा
सिंकखालचा तो बोळा ओढून काढला.
आत चार बोटं जातील एवढं,
भोक होतंच.