कापलेला कोपरा

फ्ली मार्केटात रॉस्को मला लांबूनच ओरडतो,
"आलं बघ तुझं भंगार."
लोक कार्डाची पुढची बाजू पाहतात:
मोटेलचा पोहण्याचा तलाव, नको तितका निळा,
कापडासारख्या खरबरीत कागदावर छापलेला सूर्यास्त.
मी कार्ड उलटं करतो.
एकतीस वर्षं पोस्टात टपाल लावलंय,
हाताला तीच खोड.

घराच्या तळघरात माझं म्युझियम.
शब्द अर्वेलाचा, आणि ती तो कौतुकानं वापरत नाही.
क्लोव्हर गॅप बॉइजचं जगात जे काही उरलंय
ते तिथे आहे:
एक हँडबिल, प्रवेश पंचवीस सेंट, मुलांना दहा;
फ्युनरल होमनं वाटलेला पुठ्ठ्याचा पंखा,
एका अंगाला हॅट घातलेले बॉइज, दुसऱ्या अंगाला शवपेट्यांचे दर;
फिडलची एक घोडी, खरी की खोटी देव जाणे.
रेकॉर्ड एकही नाही. त्यांनी कधी काढलीच नाही.
सकाळी पावणेसहाला रेडिओवर पंधरा मिनिटं,
बियाण्यांच्या कंपनीच्या खर्चानं,
हवेत गेले ते सूर गेलेच.
मी चार वर्षांचा. वडील दाढी करायचे,
गाणं लागलं की त्यांचा वस्तरा गालावर थांबायचा.

आणि हॉइटची दहा कार्डं.
सहा वर्षं लागली, दहा वेगळे बाजार.
सगळ्यांवर पत्ता एकच:
मिसेस इला कॉम्ब्स, लिक फोर्क, केंटकी.

"काल नॉक्सव्हिलला वाजवलं. हॉल भरला होता.
बेसची तार तुटली, तरी रेटलं."

"व्हीलिंगला बर्फ. गाडी ढकलत आणली.
शनिवारी पैसे मिळतील, तोवर डॉक्टरला थोपवून धर."

"श्रीव्हपोर्टला लोकांनी दोनदा परत बोलावलं.
पोरीला सांग."

दहाही कार्डांचा तिकिटाचा कोपरा कापलेला,
कात्रीनं, सरळ, घाई न करता.
म्हणून तर रॉस्को निम्मे पैसे घ्यायचा.
मला वाटे, घरात तिकिटं जमवणारं पोर असेल.

अकरावं या शनिवारी मिळालं.
पुढे मेम्फिसचा पूल, रात्रीचे दिवे.
मागे: "पुलावरून गात आलो, आम्ही पाचही जण."
कोपरा शाबूत.
दोन सेंटचं लालसर तिकीट,
त्यावर काळा, गोल, स्वच्छ शिक्का.
असा शिक्का मारणाऱ्या कारकुनाला मी चहा पाजला असता.
डेटन, ओहायो.

डेटन.
जिथे आमच्या डोंगरातले निम्मे पुरुष
फ्रीजच्या कारखान्यात गेले.
वेळ रात्री साडेनऊ,
दुपारच्या पाळीतल्या जेवणाच्या सुट्टीनंतरची.

खाली जाऊन पंखा काढला, भिंग लावलं.
फिडल, बँजो, मँडोलिन, गिटार.
चार हॅट.
इतकी वर्षं जपलं, पण मोजलं नव्हतं.

हसू आलं. मग नाही आलं.
कुठून मिळवत असेल तो ही चित्रं?
बस स्टेशनवर ताटकळत,
लांबच्या गाड्यांच्या ड्रायव्हरांकडून,
एका कार्डाला एक सिगरेट?
आणि ती तुटलेली तार.
तार तुटल्याचं खोटं सुचायला
तार माहीत असावी लागते.

कात्री कोणाची, ते आता कळल्यासारखं वाटतं.
इलाला शिक्का वाचता येत होता,
आणि एका वर्षी पोरीलाही वाचता येऊ लागलं असणार.
मग अकराव्याचा कोपरा का राहिला?
विसरली?
की तोवर लपवण्याजोगं काही उरलंच नव्हतं?
कार्ड पुन्हा पुन्हा उलटून पाहतो,
तारखेतला वर्षाचा आकडाच नेमका
पुलाच्या शाईसारखा फिका.

पंख्याच्या पाकिटावर लेबल होतं.
त्यावर चार नावांखाली, पेन्सिलीनं नाही, शाईनं लिहिलं:
बेस, हॉइट कॉम्ब्स.

अर्वेला जिन्यावरून विचारते, कितीला पडलं?
पूर्ण किमतीला, मी म्हणतो.
हे धड होतं.