उघडलेली कुपी

सकाळी आठला केंद्रातून निघतो मी
निळ्या पेटीत चार बर्फाच्या पाट्या घेऊन.
पाटी आधी कानाशी धरून हलवायची,
आत पाणी खळखळलं की मगच भरायची,
नाहीतर पेटीतल्या काही लसी गोठूनही नासतात.
हे मला नुजहत सिस्टरनं शिकवलं.
खेपेवर पैसे. महिन्यानं, कधी दोन महिन्यांनी.

मे महिना. औंढ्याच्या पुढं डांबर
चपलेला धरून ठेवतं.
आणि माझ्या पाठीमागं, सीटवर दोरीनं बांधलेली
पौषातली एक पहाट.

आज दगडवाडीच्या तांड्यावर
समाजमंदिरात एकच लेकरू आलं.
नऊ महिन्यांचं, नाव कियान, कानशिलावर काजळाचा ठिपका.
आई संध्याकाळच्या गाडीनं परत निघालेली
पुण्याला, बांधकामावर.
आशाताई म्हणाली, पुढच्या बुधवारी ये ना,
चार-पाच जमले की फोडू.
कुपी एक, डोस पाच,
पाणी घातलं की आयुष्य चार तास.

सिस्टरनं ऐकून घेतलं.
मग अंगठ्यानं झाकण उडवलं
भुईमुगाची शेंग फोडावी तसं.
"गोवर काय बुधवार बघून येतो का?"

कुपीवर लिहिलं: दहा वाजून पाच.
लेकरू रडलं, आईच्या पदराला चावलं.
मी गाडीला किक मारली.
माझं काम आणायचं आणि न्यायचं,
उरलेले चार डोस कुणाचे
हे कुठल्याच कागदावर नसतं.

एक सापडलं विहिरीच्या कामावर,
खडीच्या ढिगामागं साडीच्या झोळीत.
"ह्याला दिलंय," आई म्हणाली.
"काय दिलंय?"
"दोन थेंब, तोंडात."
ते वेगळं, म्हटलं, आणि मायलेकरू गाडीवर बसवलं.
दुसरं बकऱ्यांच्या वस्तीवर. बाप अडून बसला,
"ताप येतो त्यानं."
येतो, म्हटलं. एखादा दिवस. आणि जातो.
तो बराच वेळ माझ्या पेटीकडं बघत राहिला,
मग स्वतःच लेकरू खांद्यावर घेऊन चालू लागला.

तिसऱ्या दाराला लिंबाचा डहाळा होता.
मी गाडी लांबच बंद केली.
आत फोडणीचा वास नाही, पैंजणाचा आवाज नाही,
अंधारात दोन वर्षांचं पोरगं,
कानामागून उतरलेली पुरळ छातीवर आलेली,
डोळे लाल, उजेडाकडून फिरवलेले.
इथं माझ्या पेटीचं काही चालत नव्हतं.
सिस्टरला फोन लावला:
अ जीवनसत्त्व घेऊन या,
आणि अँब्युलन्स बघा, पोरगं धापतंय.

माझी बहीण इंदर अशाच डहाळ्यामागं होती.
बया आलीय म्हणून घरानं आवाज खाली केला,
हळद-कुंकू वाहिलं.
बया गेली. मग छाती भरली.
"डाग तर गेलते रे,"
आई मरेपर्यंत एवढंच म्हणायची,
"डाग तर सगळे गेलते."
मी कुणाला अडाणी म्हणत नाही.
त्या साली आमच्या गावापर्यंत
बर्फ यायचा रस्ताच नव्हता.

डहाळ्याच्या शेजारच्या घरातून
एक बाई आपणहून बाहेर आली,
कडेवर पोरगी, हातात चुरगळलेलं पिवळं कार्ड.
तिला काही समजवावं लागलं नाही.
तिची चवथी.

दोन वाजून पाच.
सिस्टरनं कुपी उजेडात धरली,
तळाशी अर्धा मिली, नितळ.
मी सगळा तांडा पुन्हा डोळ्यापुढं आणला,
घर, घर, बोअर, दुकान, घर.
कुणी नव्हतं.
नियम तो नियम,
तिनं ती लाल पिशवीत टाकली.

रजिस्टर पुढं ओढून तिनं लिहिलं, वाया: एक.
मी म्हटलं, सिस्टर, थांबा.
तिनं पेन उचललं, वर बघितलं.
मग मी काही बोललो नाही.
त्या रकान्यात
नाव लिहायला जागा नसते.