सांधा

दिवस मावळायच्या आत जेवून
भुजबली मगदूम अण्णा गच्चीवर येतात.
पत्र्याखाली, सहा बाय दहाच्या प्लायवूडवर
मिरज जंक्शन त्यांची वाट बघत असतं.
तिन्ही गेजांचं, जुनं.
रुंद, मीटर, आणि ती चिमुकली नॅरो
जिचे रूळ उखडून नेले तेव्हा
अण्णा घरी येऊन नुसतेच झोपले होते.

डोंगर आमच्या दुकानातले:
सतारीला न चाललेले, तडकलेले भोपळे
पालथे घालून वर हिरवा भुसा.
टेलिग्राफच्या तारा आमच्याच, पोलादी.
अब्बा म्हणाले, ने, पण वहीत लिही.

नेटवर्क मी बसवलं.
बिस्किटाच्या डब्यात बोटभर कॉम्प्युटर,
राउटर आंब्याच्या पेटीवर,
प्रत्येक सांध्याला एक नंबर, एक पत्ता,
पोस्टमनला लागतो तसा.
तिकडं सांगलीत, विश्रामबागला,
नातू सम्मेद फोनवर बोट टेकवतो
आणि इकडं आमच्यात इंजिन हलतं.
मी पहिल्यांदा टाळ्या वाजवल्या होत्या.
अण्णा गाडीकडं बघतच नव्हते.
"गाडी काय, जातीच," म्हणाले.
चाळीस वर्षं सांधेवाला होता माणूस.

परवा पडद्यावर सगळं हिरवं होतं.
सहा नंबर: वळला.
मार्ग: मोकळा.
सम्मेदनं मालगाडी सोडली,
आणि अण्णांनी हात आडवा घालून
इंजिन मुठीत उचललं.
चाकं हवेत फिरतच राहिली.

"कुणी सांगितलं वळला?"
पडद्यानं.
"पडद्याला कुणी सांगितलं?"
मी.
म्हणजे, आज्ञा गेली, पोचली,
पोचल्याची पावतीसुद्धा आली.

चष्मा कपाळावर सारून अण्णा वाकले.
गुडघा कडकन वाजला.
सांध्याची जीभ आणि रूळ यांच्या मधोमध
भुश्याचा एक कण.
"तू सांगितलंस. त्यानं ऐकलं.
झालं का, ते कुणी बघितलं मुबारक?"

मग खुर्चीत बसून, माझ्याकडं न बघता:
रात्रपाळी होती. लिव्हर ओढला,
हाताला बरोबर लागला, केबिनमध्ये सगळं बरोबर होतं.
बाहेर एक खडा होता. एवढासा.
हळदीच्या तीन वाघिणी कलंडल्या.
कंदिलाच्या उजेडात जिकडंतिकडं पिवळं,
जसं काय रुळांचं लग्न.
मेलं कुणी नाही.
पोती ओढायला आलेले बैल महिनाभर पिवळे फिरत होते,
लोक हसायचे.
मला दोन वर्षं बढती नाही.

मी रात्री बसून सहाही सांध्यांना
मुगाएवढे स्विच लावले.
आता जीभ रुळाला टेकल्याशिवाय
पडदा हिरवा होत नाही, किती का सांगा.
घरी आलो तर अब्बा अजून जवारी काढत होते,
घोडी घासायची, तार छेडायची, कान लावायचा,
पुन्हा घासायची.
मी फोनवरचं यंत्र पुढं केलं: बघा की, लागला सूर.
अब्बांनी मान वर केली नाही.
"लागला, का त्यानं लावून घेतला?"

सोमवारी अण्णांच्या गुडघ्याचं ऑपरेशन झालं.
मिरजेत डॉक्टरांना काय तोटा.
डॉक्टर म्हणाले, सांधा झकास बसलाय.
अण्णांनी विचारलं,
"हे तुम्ही सांगताय, का तो?"

दोन महिने जिना बंद.
अण्णा खाली कॉटवर, उशाला सम्मेदचा जुना फोन,
त्यावर अख्खं जंक्शन.
"स्विच लावलेस ते बरं केलंस," म्हणतात,
"तरी तू वर जा."
मी वर जातो. पत्रा तापलेला असतो.
गुडघे टेकून, एक डोळा मिटून
सहा नंबरपाशी गाल टेकवतो.
खालून हाक येते, फोनमधून नव्हे,
जिन्यातून:
"काय रे?"

थांबा अण्णा.
बघतोय.